शेवाळाचा शेजार

मराठी भाषेने शेवाळाला फारसा न्याय दिलेला नाही, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. विहिरीच्या पायऱ्यांवरचे, न्हाणीघराच्या कोपऱ्यातले, पावसाळ्यात भिंतींवर चढणारे आणि तळ्याच्या काठाशी साचणारे, जे जे हिरवे आणि निसरडे ते ते सारे आपण 'शेवाळ' या एकाच शब्दाच्या पदरात घालून मोकळे होतो. कालिदासाने शाकुंतलात शैवालाने वेढलेले कमळही रम्यच दिसते, अशा आशयाचा दाखला देऊन शकुंतलेच्या वल्कलांचे कौतुक केले खरे. परंतु तेथेही गौरव कमळाचा. शैवालाच्या वाट्यास आली ती केवळ गालबोटाची भूमिका.

वस्तुतः आपल्या नाकातून जाणाऱ्या प्रत्येक श्वासावर या उपेक्षिताचे ऋण आहे. पृथ्वीवर आज निर्माण होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा समुद्रातील सूक्ष्म शैवाले आणि त्यांचे नीलहरित भाऊबंद निर्माण करतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात प्रथम प्राणवायू साठू लागला, तोही याच नीलहरित जीवाणूंच्या कृपेने. इतक्या जुन्या घराण्याचे हे पाहुणे आपल्या दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत उतरले, की मात्र गृहस्वामी हातात ब्रश आणि मनात संताप घेऊन उभा राहतो. आमच्या इंदुरातील मराठी घरांतूनही अलीकडे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यपेट्या दिसू लागल्या आहेत. आणि चार मत्स्यप्रेमी एकत्र आले, की माशांच्या कौतुकाआधी शेवाळाची तक्रार सुरू होते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत, असे मनात आले.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. शेवाळाला मूळ, खोड, फूल यांपैकी काही नसले, तरी त्याच्या गरजा वनस्पतींच्याच आहेत: प्रकाश, कर्बवायू, नत्र, स्फुरद, पालाश आणि अल्प प्रमाणात लोहादी क्षार. त्याचे बीजकण पाण्यातून, नव्या रोपांवरून, हवेतूनही येतात. तेव्हा टाकीतून शेवाळ समूळ नाहीसे करण्याचा संकल्प म्हणजे घरातून धूळ कायमची नाहीशी करण्याच्या संकल्पासारखाच होय. प्रश्न शेवाळ असण्याचा नव्हे, वरचढ कोण याचा आहे. रोपे जोमाने वाढत असली, तर शेवाळ कोपरा धरून बसते. रोपांची वाढ कोणत्याही कारणाने खुंटली, की उरलेला प्रकाश आणि उरलेले अन्न त्याच्या हाती जाते. मास्तर नसलेला वर्ग क्षणभरही रिकामा राहत नाही, तो गोंगाटाने भरतो; हा आमच्या पेशातला अनुभव येथेही खरा ठरतो.

दुसरी गोष्ट अशी, की उपाय योजण्यापूर्वी पाहुण्याचे नाव-गाव विचारून घ्यावे. एरवी रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार घडतो. टाकीत येणारी मंडळी मुख्यत्वे सहा जातींची असतात.

नवी टाकी मांडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काचेवर, वाळूवर आणि पानांवर तपकिरी भुकटीचा थर बसतो. हे डायॅटम. यांच्या पेशीला सिलिकेचे, म्हणजे काचेच्याच जातीचे, नक्षीदार कवच असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मोठे देखणे दिसते. बोटाने पुसले तरी हे निघतात आणि टाकी स्थिरावली, की बहुधा आपोआप ओसरतात. यांच्यासाठी जीव टाकण्याचे कारण नाही.

काचेवर आणि सावकाश वाढणाऱ्या जाड पानांवर, विशेषतः ॲन्युबियासच्या पानांवर, हिरवे कठीण ठिपके पडतात ते दुसरे. हे कापडाने निघत नाहीत. काचेवरून पात्याने खरवडावे लागतात. प्रकाश फार आणि स्फुरद फार कमी, अशा ठिकाणी यांचे विशेष फावते. नेराइट जातीच्या गोगलगायी यांच्यावर आवडीने चरतात.

तिसरे धाग्यांचे शेवाळ. यातील स्पायरोगायराशी आपली शाळेतच ओळख झालेली असते. पेशीत फिरकीच्या जिन्यासारखी वळत जाणारी हरितद्रव्याची पट्टी एकदा पाहिली, की विसरत नाही. घरच्या टाकीतून काढलेला एक धागा आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत नेला होता. पुस्तकातली आकृती पाठ असलेल्या मुलांनी तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला आणि 'सर, हे खरंच असं असतं!' असे जे उद्गार काढले, ते ऐकून शेवाळाबद्दलचा आमचा निम्मा राग तेथेच मावळला. हे धागे जुन्या दातांच्या ब्रशावर शेवयांसारखे गुंडाळून काढावेत. जपानचे ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी पाणवनस्पतींची टाकी ही एक कलाच करून दाखविली. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी इवलीशी कोळंबी हे धागे फस्त करण्यात पटाईत आहे.

चौथे काळ्या दाढीचे. पानांच्या कडांवर आणि लाकडावर काळसर केसांचे झुपके उगवतात. दिसायला काळे, पण वनस्पतिशास्त्रात यांची गणना लाल शैवालांत होते. झुपका मद्यार्कात बुडविला, की वरचे रंग विरघळून आतला तांबूसपणा उघडा पडतो. कर्बवायूचे प्रमाण सतत कमी-जास्त होणे आणि कुजका कचरा साठणे यांना मानवते. लागलेली जुनी पाने सरळ कापून टाकावीत. लाकडावर असेल, तर फिल्टर थोडा वेळ बंद करून औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने नेमके झुपक्यावर सोडावे. तेही टाकीतील दर १० लिटर पाण्यामागे २ मिलिलिटरहून अधिक नको. दोन-चार दिवसांत झुपका गुलाबी, मग पांढरा पडतो.

पाचवे वस्तुतः शेवाळच नव्हे. निळसर-हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी सोलून निघणारी आणि कुबट वास येणारी साय वाळूवर व पानांवर पसरली, तर ते नीलहरित जीवाणू समजावेत. यांतील काही जाती हवेतील नत्र स्वतःच बांधून घेतात. त्यामुळे पाण्यात नत्र अगदी कमी आणि प्रवाह मंद असला, की इतर उपाशी राहतात आणि यांची चंगळ होते. नळीने ही साय ओढून काढावी, प्रवाह वाढवावा, तळ स्वच्छ करावा. काही जण यावर माणसांची प्रतिजैविके टाकतात. तो मार्ग आम्हांस मान्य नाही. ज्या औषधांवर उद्या आपल्याच लेकरांचे प्राण अवलंबून राहावयाचे, ती टाकीच्या शोभेसाठी उधळू नयेत.

सहावे हिरवे पाणी. आणि याच्याशी आमचा जो परिचय झाला, तो थोडा सविस्तर सांगावा लागेल.

आमच्याकडील टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. साधारण १४० लिटर पाणी मावते. ती २०२३ च्या मे महिन्यात चिरंजीवांनी आणली, ती शोभेसाठी नव्हे, तर आजोबांसाठी. आमचे वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, त्याच वर्षीच्या आरंभी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दूरचित्रवाणीचा गोंगाट त्यांना सोसेना, वाचन डोळ्यांना झेपेना. खाटेच्या डाव्या हाताला टाकी मांडली गेली आणि गप्पी, मोली व गुलाबी बार्ब यांचा संसार त्यांच्या दृष्टीसमोर सुरू झाला. व्हॅलिस्नेरियाच्या लांब फितींसारख्या पानांतून मासे आत-बाहेर करीत आणि अण्णा डाव्या हाताची बोटे मोडीत त्यांची मोजणी करीत. झोप त्यांना दिवसा लागे, रात्री लागत नसे. म्हणून टाकीवरचा दिवा रात्रीही जळत राही. रोजचे चौदा-चौदा तास तो प्रकाश आणि खिडकीतून येणारे सकाळचे ऊन, असा तो क्रम होता.

२०२४ च्या वैशाखात पाणी हिरवे पडू लागले. पहिल्या दिवशी नुसती झाक होती. आठवड्याच्या आत मागची रोपे दिसेनाशी झाली आणि मग मासेही. एखादा मासा काचेला येऊन टेकला, तरच दिसे. निम्मे पाणी बदलावे, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच रंग. सौभाग्यवतींना वाटले, की काचेवरच काही बसले आहे. त्यांनी काच आतून पुसून पाहिली. त्यावर अण्णा खाटेवरून सावकाश, एकेक शब्द जोडीत म्हणाले, "अगं, रंग काचेला बसलेला नाही. पाण्यात उभा आहे."

अण्णांची हयात एका कापडगिरणीच्या रंगखात्यात गेलेली. कोणता रंग धाग्यात बसला आहे आणि कोणता नुसता पाण्यात उभा आहे, हे त्यांच्या डोळ्यांनी तीस वर्षे पारखले होते. आम्ही काचेच्या पेल्यात टाकीतले पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरले. पेला हिरवा. निदान झाले: हे तरंगत्या एकपेशीय शैवालांचे पाणी. यांची पैदास इतक्या वेगाने होते, की पाणी बदलून ती आवरत नाही. साध्या स्पंजच्या फिल्टरमधूनही या पेशी निसटतात.

शेजारच्या एका गृहस्थांनी दुकानातून शेवाळनाशक औषधाची बाटली आणून दिली. हेतू चांगलाच होता. परंतु अशा पुष्कळ औषधांत तांबे असते आणि तांबे गोगलगायींना व कोळंबीला मारक ठरते, रोपांनाही सोसत नाही. शिवाय शेवाळ एकदम मेले, तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते आणि अमोनिया सोडते. अण्णांना एका सकाळी उलटे तरंगणारे मासे मोजावयास लावण्याची आमची तयारी नव्हती. बाटली आम्ही कपाटात ठेवली.

उरला उपाय एकच: अंधार. तीन-चार दिवस टाकी संपूर्ण झाकावयाची. रोपांच्या पानांत, खोडांत, मुळांत साठा असतो, तेवढा काळ ती तग धरतात. एकपेशीय जीवाकडे एवढी शिदोरी नसते. माशांना त्या दिवसांत खाणे द्यावयाचे नाही. धडधाकट मोठे मासे चार दिवसांच्या उपवासाने मरत नाहीत. हवेचा पंप मात्र अखंड चालू हवा, कारण अंधारात कोणीच प्राणवायू तयार करीत नाही आणि सगळेच तो वापरतात. हे सारे सरळ होते. अवघड होते ते अण्णांना सांगणे. ज्याच्या जगाची एकच खिडकी उघडी आहे, त्याला तीही बंद करतो म्हणून कसे सांगावे?

आम्ही खाटेशी बसून म्हणालो, "अण्णा, चार दिवस टाकी झाकावी लागेल. दिवाही बंद राहील. तुम्ही नको म्हणाल, तर दुसरं काही बघू."

ते बराच वेळ त्या हिरव्या पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "झाक. कापड जाड घे. उजेड शिरला तर रंग पुन्हा चढेल."

काळी घोंगडी पांघरून टाकी बंद केली. पहिली रात्र त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढली. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास आम्ही उठून पाहिले, तो ते जागे होते. त्यांनी डाव्या हाताने खूण करून आम्हांस गप्प राहावयास सांगितले आणि घोंगडीकडे बोट दाखविले. आतून पंपाच्या बुडबुड्यांचा आवाज येत होता. ते तो ऐकत होते. आम्हीही खाटेच्या कडेला बसलो. बापलेकांनी असे काही न बोलता एकत्र बसल्याला किती वर्षे झाली होती, याचा हिशेब त्या रात्री आमच्या मनात आला. तो येथे मांडीत नाही.

पाचव्या सकाळी घोंगडी काढली. पाणी दुधी, फिकट झाले होते. मेलेल्या पेशींचा तो गढूळपणा. लगोलग निम्मे पाणी बदलले, फिल्टरचा स्पंज धुतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव हिस्सा पाणी काढून ताजे घातले. संध्याकाळपर्यंत मागची पाने दिसू लागली. अण्णांनी मोजणी केली. चौदा होते, चौदा भरले.

परंतु अंधार हे पथ्य नव्हे, लंघन आहे. मूळ कारण तसेच ठेवले, तर पाहुणा महिन्याभरात परत येतो. कारण होते प्रकाश. कर्बवायूचा सिलिंडर न लावलेल्या टाकीत दिवा लागल्यापासून काही तासांत रोपे पाण्यातील बराचसा कर्बवायू संपवितात; पुढे दिवा जळतो, पण रोपे रिकामी बसतात. अल्प कर्बावर भागविणारे शेवाळ मात्र चालूच राहते. रोपांना दिवसाकाठी सात-आठ तासांचा प्रकाश पुरतो. पण अण्णांना रात्री दिवा हवा होता. विज्ञान म्हणे सात तास आणि आमचे घर म्हणे चौदा.

या पेचातून वाट दाखविली ती अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड या बाईंच्या ग्रंथाने. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने मातीच्या थरावर, कमीत कमी यंत्रांनिशी, पाणवनस्पतींची टाकी कशी चालते हे मांडले. दिवसाचा प्रकाश दोन तुकड्यांत द्यावा आणि मध्ये काही तासांची विश्रांती ठेवावी, म्हणजे त्या अवधीत पाण्यात पुन्हा कर्बवायू साठतो, हा त्यांचा सल्ला पुष्कळांनी अनुसरला आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसली. रोपांना घड्याळ कळत नाही. त्यांना नेम कळतो. प्रकाश दिवसाच दिला पाहिजे, असे कोठे आहे?

तेव्हा टायमर लावून सायंकाळी सात ते अकरा आणि पहाटे तीन ते सहा असा दिवा ठरविला. एकूण तास सात. टाकीच्या खिडकीकडील बाजूस काळा कागद चिकटविला, म्हणजे ऊन थेट शिरू नये. अण्णा दुपारी झोपतात, त्या वेळी खोलीचे पडदे ओढून घेतो. माशांना पापण्या नसतात. डोळे मिटता येत नाहीत म्हणून त्यांनाही अंधाराचे काही तास लागतातच. आता आजोबा आणि मासे एकाच वेळी विसावतात आणि पहाटे तीनला, जेव्हा अण्णांची रात्र सर्वांत लांब असते, तेव्हा दिवा आपोआप लागतो. अकरा ते तीन मात्र अंधार. त्या चार तासांबद्दल त्यांनी कुरकूर केलेली नाही. "बुडबुडे असतात की," एवढेच एकदा म्हणाले.

नित्याचे पथ्य थोडक्यात सांगतो. दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. आमच्या गावी १९७८ पासून जलूदहून नर्मदा येते आणि 'नळ आले' असे न म्हणता 'नर्मदा आली' असेच घरोघरी म्हणतात; परंतु ती पुण्यसलिला असली, तरी क्लोरीन घेऊन येते. म्हणून नळाचे पाणी चोवीस तास उघडे ठेवावे किंवा त्यात हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, कारण अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे उपयुक्त जीवाणू त्यात वस्तीला असतात. माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे. दयाळू हातांनी घातलेली जास्तीची चिमूट तळाशी कुजते आणि शेवाळाच्या पंगतीला जाते. पहिल्या दिवसापासून भरपूर आणि झपाट्याने वाढणारी रोपे लावावीत. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया आपल्याकडील जड पाण्यात आनंदाने वाढतात, कारण कर्बवायू कमी पडला, तर त्या पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कर्ब मिळवितात. वर तरंगणारी पिस्टियाची चार रोपे असली, तर ती हवेतला कर्बवायू घेतात, पाण्यातले जादा अन्न ओढतात आणि खाली थोडी सावलीही धरतात. मात्र कोणताही बदल एका वेळी एकच करावा आणि दोन-तीन आठवडे वाट पाहावी. रोज नवा उपाय करणाऱ्याला कोणता लागू पडला, हे कधीच कळत नाही.

शेवटी एक विनंती. टाकी साफ ठेवणारा म्हणून दुकानात जो ठिपकेदार सकर मासा मिळतो, तो लहानपणीच शेवाळ खातो आणि पुढे फूटभराहून मोठा होतो. मग कंटाळलेले लोक त्याला जवळच्या तळ्यात सोडून येतात आणि पुण्य केल्यासारखे परततात. देशातील अनेक जलाशयांत हा परका मासा आज स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. आमच्या गावचे सिरपूर तळे आणि जवळचा यशवंतसागर हे दोन्ही २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळांच्या यादीत समाविष्ट झाले. टाकीतला मासा असो की उपटलेले रोप, त्या पाण्यात टाकू नये. रोपांचा गाळ वाळवून तुळशीच्या किंवा गुलाबाच्या मुळाशी घालावा. काढलेले पाणी झाडांना द्यावे, त्यातील नत्र त्यांना मानवते.

तळ्यालाही तेच शास्त्र लागू आहे. घराघरांतून वाहून आलेले सांडपाणी आणि शेतातून आलेले खत तळ्यात शिरले, की ते हिरवे पडते आणि आपण शेवाळाला नावे ठेवतो. टाकीवर घोंगडी घालता येते. तळ्यावर घालता येत नाही. तेथे पाण्यात जे जाते, तेच काठावर उभे राहून थांबवावे लागते.